खत, वही आणि ‘मान्य आहे’

देहूत इंद्रायणीच्या डोहाशी उभं राहिलं की बुडवलेल्या गाथेची गोष्ट हमखास निघते. याच नदीत तुकोबांनी त्याआधी दुसरंही काही बुडवलं होतं, ते मात्र फार कुणी काढत नाही. घरात महाजनकी होती, सावकारी होती. 1630च्या सुमाराच्या दुष्काळाने सगळं मोडलं. तेव्हा धाकट्या कान्होबाच्या वाटणीची अर्धी खतं त्याच्या हाती देऊन उरलेली अर्धी तुकोबांनी पाण्यात सोडली, असं परंपरा सांगते. कर्जाचा जीव कागदात असतो, हे सावकाराच्या पोराला कुणी शिकवावं लागलं नसणार.

सुप्याच्या शेतकऱ्यांनाही ते ठाऊक होतं. 12 मे 1875 रोजी तिथल्या बाजारात जमाव सावकारांच्या दुकानांवर चालून गेला. हवी होती ती खतं आणि चोपड्या. ज्याने मुकाट्याने दिल्या त्याला बहुतेक ठिकाणी धक्का लागला नाही, जो अडून बसला त्याचं घर पेटलं. हे लोण पुणे आणि अहमदनगर जिल्ह्यांतल्या तीसेक गावांत गेलं.

कारणं एकात एक गुंतलेली होती. अमेरिकेतल्या यादवीमुळे इथल्या कापसाला भाव आला आणि सावकाराने हात सैल सोडला. 1865मध्ये ते युद्ध संपलं, भाव कोसळले, वर फेरपाहणीत सारा वाढला. पण मला सगळ्यांत बोलका वाटतो तो 1859चा मुदतीचा कायदा. खताची मुदत तीन वर्षं ठरवली, कुळावरचं व्याज अनंतकाळ साचू नये म्हणून. सावकाराने दर तीन वर्षांनी नवं खत लिहून घ्यायला सुरुवात केली आणि थकलेलं व्याज मुद्दलात घातलं. कुळाने अंगठा उठवला. वर काय लिहिलंय ते त्याला वाचताच येत नव्हतं.

म्हणून 1879च्या दख्खन शेतकरी कायद्याने कोर्टाला खताच्या मागे जाऊन पहिल्यापासूनचा हिशेब तपासायची मुभा दिली, सावकारावर पावती देण्याचं बंधन घातलं. आपल्याकडे दामदुपटीचा जुना दंडक होताच: व्याज मुद्दलाच्या वर जाता कामा नये. राज्याच्या 2014च्या सावकारी कायद्यातही तो टिकून आहे.

पुढे पिंपरी-चिंचवडला कारखाने आले आणि गहाण ठेवायची वस्तूच बदलली. जमिनीच्या जागी पगार आला. कामगारांनी पतपेढ्या काढल्या. दोन सहकारी जामीन राहिले की कर्ज मंजूर, हप्ता पगारातूनच कट. सहकार कायद्याच्या कलम 49ने ही कपात मालकावर बंधनकारक केली. स्कूटर बनवणाऱ्या आकुर्डीतच 1987मध्ये स्कूटरसाठी कर्ज देणारी बजाज ऑटो फायनान्सही उभी राहिली. मुलीचं लग्न, गावाकडची विहीर, चिखलीतली गुंठाभर जागा, असं पुष्कळ काही पतपेढीने पार पाडलं. पण पतपेढीचं दार सहसा उघडतं ते कायम कामगाराला. चाकणच्या शेडमध्ये कंत्राटदाराच्या हजेरीवर असलेल्या पोराला आज इथे, उद्या तिथे. त्याला जामीन कोण राहणार?

त्याच्या खिशात अॅप असतं. म्हाळुंगेच्या एका टपरीवर असाच एक जण समोर बसून कर्ज घेत होता. चहा निवायच्या आत चार पडदे सरकवले आणि ‘मान्य आहे’वर अंगठा दाबला. अंगठाच! व्याज किती, विचारलं. ‘हप्ता बसतोय ना, झालं.’ रिझर्व्ह बँकेने 2022मध्ये नियम केले: खरा वार्षिक दर एका पानावर आधी दाखवा, पैसे थेट कर्जदाराच्या खात्यात टाका, फोनमधल्या नावांना हात लावू नका. 1879चाच खटाटोप. पोराला वाचता येतं, तो वाचत नाही, एवढाच काय तो फरक.

त्याच टपरीवर महिन्याच्या 10 तारखेला भिशी असते. 20 जण, 2,000 रुपये प्रत्येकी. मागच्या खेपेला एकाने 40,000ची भिशी बोली लावून 34,000ला उचलली. उरलेले 6,000 वीस जणांत, म्हणजे प्रत्येकाला 300 सुटले. महाग पडली, हे त्यालाही कळत होतं, आईचं ऑपरेशन होतं. हिशेब शाळकरी वहीत आहे, दोऱ्याने पेन बांधलेली. ती बिस्किटांच्या बरणीशेजारी पडून असते. कुणीही उघडावी.