कीचकवध ते तुंबाड
१९२० साली कोल्हापूरच्या बाबूराव पेंटरांचा ‘सैरंध्री’ झळकला. त्यातला कीचकवध इतका खरा वाटला, की थिएटरात काहींना भोवळ आल्याचं सांगतात. पुढे तो प्रसंग कापावा लागला. मूकपट तो, साधी किंकाळीही ऐकू येत नव्हती. सगळी दहशत एका चित्रकाराच्या नजरेनं उभी केलेली.

पण नुसत्या रक्ताला प्रेक्षक लवकर सरावतो. टिकते ती वेगळी भीती. राही अनिल बर्वे यांचा ‘तुंबाड’ (२०१८) पाहा. सतत कोसळणारा पाऊस, कुबट अंधार, साखळदंडात जखडलेली म्हातारी. हस्तर हा राक्षस दिसण्याच्या कितीतरी आधीच अंगावर काटा येतो. तरी खरा धसका बसतो तो नायक विनायकच्या हावेचा. धोका पुरता ठाऊक असूनही तो पुन्हा पुन्हा हस्तर असलेल्या वाड्यात जातो, पोटच्या पोरालाही तीच वाट दाखवतो. राक्षस वाड्यातच राहतो, हाव मात्र आपल्या ओळखीची असते; म्हणून हा सिनेमा दुसऱ्यांदा पाहतानाही तितकाच झोंबतो.

२०२४ मध्ये ‘तुंबाड’ पुन्हा प्रदर्शित झाला, तेव्हा त्यानं पहिल्या खेपेपेक्षा जास्त कमाई केली.