टंचाईतील बेकारी

बाजारात एखाद्या वस्तूचा तुटवडा पडला की ती वस्तू निर्माण करणाऱ्या कारखान्यात रात्रंदिवस काम चालू असेल, अशी सामान्य मनुष्याची सहज समजूत असते. दुकानातील फळी रिकामी आहे, गिऱ्हाईक दाराशी उभे आहे आणि तरीही कारखान्याच्या फाटकावर कामगारांना निरोप दिला जात आहे, हे चित्र त्याला विसंगत, किंबहुना संशयास्पद वाटते. कोणी तरी माल दडवून ठेवला असावा, असा तर्क तो करू लागतो. साठेबाजी घडत नाही असे नव्हे. परंतु पुष्कळ वेळा या कोड्याचे उत्तर त्याहून साधे, आणि म्हणूनच अधिक विचार करण्याजोगे असते. शस्त्रास्त्रांच्या धंद्यात तर हा प्रकार वारंवार दृष्टीस पडतो.

अमेरिकेतील २०२० सालचे उदाहरण घ्यावे. त्या वर्षी साथीचा रोग आणि राजकीय अस्वस्थता यांमुळे तेथील नागरिकांनी बंदुका व काडतुसे यांची विक्रमी खरेदी केली. दुकानांतून काडतुसे मिळेनाशी झाली. त्याच वर्षी रेमिंग्टन ही दोन शतकांची परंपरा असलेली बंदुका व काडतुसे बनविणारी कंपनी दिवाळखोरीत निघाली. तिचे विभाग निरनिराळ्या खरेदीदारांना विकले गेले आणि ऑक्टोबर महिन्यात न्यूयॉर्क राज्यातील इलियन या गावी तिच्या जुन्या कारखान्यातील ५८५ कामगारांना घरी बसावे लागले. गिऱ्हाइकाची गरज खरी होती आणि कामगारांचे कौशल्यही खरे होते. परंतु या दोहोंना जोडणारा पैशाचा दुवा तुटलेला होता.

इतक्या दूर जाण्याचेही कारण नाही. नाशिक शहरापासून सुमारे वीस किलोमीटरवर, मुंबई-आग्रा महामार्गालगत ओझर येथे हिंदुस्थान एरोनॉटिक्स या सरकारी कंपनीचा विमान कारखाना आहे. १९६२ च्या चिनी आक्रमणानंतर यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री झाले आणि पुढच्याच वर्षी नाशिक मतदारसंघातून लोकसभेवर बिनविरोध निवडून गेले. मिग विमाने भारतात बांधण्याचे ठरले, तेव्हा इंजिनांसाठी ओरिसातील कोरापुट, विद्युत-उपकरणांसाठी हैदराबाद आणि विमानाच्या सांगाड्यासाठी ओझर अशी कामाची वाटणी झाली. १९६४ साली स्थापन झालेल्या या कारखान्याने प्रथम मिग-२१, मागाहून मिग-२७ आणि २००४ पासून सुखोई-३० ही लढाऊ विमाने हवाई दलाच्या स्वाधीन केली. द्राक्षांच्या मळ्यांनी वेढलेल्या या गावाचे रूप त्यामुळे पालटले. सातपूर आणि अंबड येथील औद्योगिक वसाहतींत विमानाचे सुटे भाग घडविणाऱ्या लहान कर्मशाळाही त्याच्या आश्रयाने वाढल्या.

भारतात बांधावयाच्या सुखोई विमानांची मागणी एकंदर २२२ होती. २०२० च्या सुमारास ती पुरी होत आली आणि जुळणीच्या साखळीवर पुढे काय चढवावयाचे, हा प्रश्न कारखान्यासमोर उभा राहिला. आता दुसरी बाजू पाहावी. भारतीय हवाई दलास लढाऊ विमानांच्या ४२ तुकड्या मंजूर आहेत. त्या काळी प्रत्यक्षात जेमतेम तीसएक तुकड्या उरल्या होत्या आणि जुनी मिग-२१ विमाने निवृत्तीच्या वाटेवर होती. एकीकडे विमानांची एवढी वाण आणि दुसरीकडे ती बांधणाऱ्या कारखान्याला कामाची विवंचना, असा हा प्रसंग होता.

याचा उलगडा करावयाचा तर तीन शब्दांतील भेद ध्यानी घेतला पाहिजे. गरज, मागणी आणि काम हे ते तीन शब्द होत. गरज ही वापरणाऱ्याच्या मनात किंवा त्याच्या ताळेबंदात असते. मागणी हा करार असतो. त्यावर सही लागते आणि त्यापोटी आगाऊ रक्कम द्यावी लागते. काम हे त्याही पुढचे. करार झाल्यावर धातू, सुटे भाग, इंजिन आणि साचे हे सर्व वेळेवर एकत्र येतील तेव्हाच कारागिराच्या हातास काम मिळते. गरजेपासून कामापर्यंतची ही वाट घरगुती वस्तूंच्या बाबतीत काही दिवसांची असेल. लढाऊ विमानाच्या बाबतीत ती अनेक वर्षांची असते.

वाटेत पहिला अडथळा मागणीचा. १२६ मध्यम वजनाची लढाऊ विमाने घेण्यासाठी २००७ साली निविदा मागविण्यात आल्या. त्यांपैकी १०८ भारतात बांधावयाची होती. ती योजना २०१५ मध्ये सोडून देण्यात आली आणि २०१६ साली ३६ राफेल विमाने फ्रान्समधून तयार स्थितीत घेण्याचा करार झाला. रशियाच्या सहकार्याने पाचव्या पिढीचे विमान तयार करण्याचा एक संकल्प होता आणि त्यात ओझरकरांचा जीव गुंतला होता. परंतु २०१८ मध्ये भारताने त्यातून अंग काढून घेतले. या निर्णयांची कारणे निरनिराळी होती आणि त्यांचे गुणदोष हा स्वतंत्र विषय आहे. कारखान्याच्या दृष्टीने अर्थ एवढाच, की गरज कायम राहिली आणि मागणी मात्र आली नाही.

दुसरा अडथळा पैशाचा. सरकारी कारखान्याला पैशाची चणचण भासत नाही, हा एक भ्रम आहे. दिलेल्या मालाचे पैसे मुख्य गिऱ्हाइकाकडून वेळेवर न आल्यामुळे २०१९ च्या आरंभी या कंपनीला पगार व इतर खर्च भागविण्यासाठी सुमारे एक हजार कोटी रुपये कर्जाऊ घ्यावे लागले होते.

तिसरा अडथळा सर्वांत चमत्कारिक आहे. तो एखाद्याच भागाचा असतो. नाशिककरांना देवळालीच्या मैदानावरील तोफांचा आवाज परिचयाचा आहे. तोफेच्या गोळ्याच्या टोकाशी फ्यूज बसवितात. गोळा नेमका केव्हा फुटावा हे तो ठरवितो. नियंत्रक व महालेखापरीक्षकांच्या २०१७ च्या अहवालात सैन्याच्या दारूगोळ्याची तपासणी आहे. दारूगोळ्याच्या १५२ प्रकारांपैकी ६१ प्रकारांचा साठा दहा दिवसांच्या लढाईलाही पुरण्याजोगा नव्हता आणि फ्यूजच्या तुटीमुळे मोठ्या व्यासाच्या तोफगोळ्यांपैकी ८३ टक्के गोळे वापरण्याजोग्या स्थितीत नव्हते, असे तो सांगतो. म्हणजे गोळे कोठारात रचलेले होते आणि तरीही तुटवडा होता! अशा वेळी गोळ्यांची कवचे ओतणाऱ्या कामगाराला अधिक काम देऊन काय उपयोग? त्याने केलेला माल कोठारात पडून राहावयाचा.

विमानांचीही तीच कथा. ८३ तेजस विमानांचा सुमारे ४८ हजार कोटी रुपयांचा करार फेब्रुवारी २०२१ मध्ये झाला. मागणी होती, पैसा होता. परंतु त्या विमानांचे इंजिन अमेरिकेतील जनरल इलेक्ट्रिक कंपनीकडून यावयाचे होते आणि त्यातील पहिले मार्च २०२५ मध्ये मिळाले. इंजिनावाचून सांगाडा म्हणजे नुसते पत्र्याचे घर. सहस्रावधी भाग तयार असले तरी उरलेल्या एकासाठी सर्वांनी थांबावयाचे, हा जुळणीच्या धंद्याचा नियम आहे.

सरकारी कारखान्यात कामाचा दुष्काळ पडला तरी कायम नोकरांना सहसा काढून टाकीत नाहीत. यास्तव वर्तमानपत्रांत कामगारकपातीच्या ठळक बातम्या येत नाहीत. दुष्काळाची झळ निराळ्या वाटेने पोहोचते. जादा वेळेचे काम बंद होते. निवृत्तांच्या जागा भरल्या जात नाहीत. उमेदवारी पुरी केलेल्या तरुणाला कायम केले जात नाही. कंत्राटी कामगाराच्या कराराची मुदत वाढविली जात नाही. सर्वांत शेवटी, परंतु सर्वांत जोराने, ती लहान कर्मशाळेच्या मालकाला लागते. एकाच गिऱ्हाइकासाठी त्याने कर्ज काढून यंत्र घेतलेले असते आणि बँकेचा हप्ता काही मागणीची वाट पाहत नाही.

यात राष्ट्राचेही नुकसान आहे. धान्य कोठारात साठविता येते. कसब साठविता येत नाही. विमानाच्या पत्र्यात रिव्हेट अचूक बसविणारा कारागीर घडण्यास वर्षे लागतात आणि तो मोटारीच्या कारखान्यात किंवा परगावी निघून गेला, की मागाहून कितीही मोठा करार झाला तरी त्याचा हात परत येत नाही. मिग-२७ चे उत्पादन १९९० च्या दशकात संपले आणि सुखोई आले २००४ साली. मधल्या काळात दुरुस्ती व जुन्या विमानांची सुधारणा या कामांनी ओझरला तगविले. सुखोईचा पहिला ओघ आटल्यावरही दुरुस्तीनेच पुष्कळसा आधार दिला. दुरुस्तीचे खाते हे कारखान्याचे दुय्यम अंग समजले जाते. वस्तुतः पडत्या काळात कसब जिवंत ठेवणारे तेच होय.

पुढे दिवस पालटले. डिसेंबर २०२४ मध्ये आणखी १२ सुखोई विमानांचा सुमारे साडेतेरा हजार कोटींचा करार झाला. १७ ऑक्टोबर २०२५ रोजी ओझर येथे बांधलेले तेजस मार्क १ ए हे विमान प्रथमच आकाशात झेपावले आणि वर्षाला आठ तेजस बांधण्याची योजना असलेल्या नव्या साखळीचे उद्घाटन त्याच दिवशी झाले. त्यापूर्वी तीनच आठवडे, २६ सप्टेंबर रोजी, मिग-२१ विमानांना हवाई दलाने निरोप दिला होता आणि तुकड्यांची संख्या २९ वर आली होती. म्हणजे काम येण्यापूर्वी तुटवडा कमी झाला नव्हता. तो वाढलाच होता. बदलली ती मागणीची स्थिती.

तात्पर्य, रिकाम्या फळीकडे पाहून कारखान्याच्या भरभराटीचा अंदाज बांधू नये आणि बंद फाटकाकडे पाहून गरज संपली असेही समजू नये. ज्या मालाचे गिऱ्हाईक एकच, म्हणजे सरकार, त्या मालाची मागणी पूर आणि दुष्काळ अशा पाळीने येऊ न देता पाटाच्या पाण्याप्रमाणे बेताबेताने सोडणे, हे त्या गिऱ्हाइकाच्याच हाती असते. गंगापूर धरणाच्या पाण्यावर बागा पिकविणाऱ्या नाशिककरांना ही गोष्ट निराळी समजावून सांगण्याची आवश्यकता नाही. पाण्याची पाळी चुकली तर वेल त्याच दिवशी वाळत नाही. परंतु पुढच्या हंगामात घड लागत नाहीत.