डबा पावडरचा, हिशेब ताटाचा

जिममध्ये वजन उतरवायला येणाऱ्यांच्या हाती हल्ली प्रोटीन पावडरचा डबा असतो, बेळगावातही. ती बहुतेक वेळा दुधाच्या निवळीची: चीज करताना उरलेले पाणी गाळून, वाळवून केलेली. साधारण 30 ग्रॅम पावडरीत 24 ग्रॅम प्रथिने आणि 120 कॅलरी. चरबी जाळणारे त्यात काहीच नाही. रोजच्या जेवणावर वरून घेतली तर कॅलरी वाढतातच; संध्याकाळच्या कुंद्याऐवजी घेतली तर घटतात, पण श्रेय न खाल्लेल्या कुंद्याचे!

यावर कुणी म्हणेल, प्रथिनांनी पोट भरलेले राहते, वजन उतरताना स्नायू टिकतात. खरे आहे, शिवाय प्रथिनांतल्या 20 ते 30 टक्के कॅलरी ती पचवण्यातच खर्च होतात, पिष्टमय पदार्थांच्या जेमतेम 5 ते 10. पण हा गुण प्रथिनांचा, डब्याचा नव्हे. निपाणीकडच्या शिवारातल्या सोयाबीनमध्ये 100 ग्रॅमला सुमारे 36 ग्रॅम प्रथिने असतात. शेंगदाण्यांत 25, मात्र सोबत 560हून जास्त कॅलरी येतात, म्हणून मूठभरच बरे. निरोगी प्रौढाला आयसीएमआरच्या शिफारशीनुसार किलोमागे 0.83 ग्रॅम, म्हणजे 60 किलोला 50 ग्रॅम प्रथिने पुरतात. व्यायाम करणाऱ्याला थोडी जास्त. अंडी, मटकीची उसळ, डाळ यांतून ती जमत नसतील, तर पावडर खुशाल घ्यावी, ताटातला भात तेवढा कमी करून. मूत्रपिंडाचा आजार असलेल्यांनी मात्र डॉक्टरांना विचारूनच.