पडद्याचे रंग बिघडतात तेव्हा

लखनौहून सीतापूरकडे निघालेला रस्ता बख्शी का तालाब या गावावरून जातो. येथे एक शेतकी महाविद्यालय आहे. २०१३ साली उत्तर प्रदेश सरकारने बारावी उत्तीर्ण विद्यार्थ्यांना लॅपटॉप वाटले. त्यांपैकी जे अद्याप चालते असतील, ते आता दहा वर्षांहून जुने झाले आहेत. अशा यंत्रावर एखादा विद्यार्थी भाताच्या पानाचे छायाचित्र पाहत आहे अशी कल्पना करा. पान किती पिवळे पडले, यावरून त्याला नत्राची उणीव ताडावयाची आहे. पण पिवळा पडला तो पडदाच असेल तर? निरोगी पीकही रोगी ठरेल आणि युरियाचा पैसा व्यर्थ जाईल.

म्हणून पडद्यावर रंग कसा उमटतो ते पाहू. पडद्याचा प्रत्येक ठिपका तांबडा, हिरवा व निळा अशा तीन भागांचा असतो. मागे पांढरा प्रकाश असतो आणि द्रवस्फटिक त्याला झडपेप्रमाणे कमीअधिक वाट देतात. प्रत्येक रंगाच्या २५६ पायऱ्या धरल्या, तर १,६७,७७,२१६ छटा होतात. हा रंग चित्र घडविणाऱ्या चिपमध्ये ठरतो, बिजागरीतून जाणाऱ्या बारीक केबलने पुढे येतो आणि पडद्यावर प्रकट होतो. बिघाड या तीन मुक्कामांपैकी कोठे आहे, एवढेच शोधावयाचे असते.

प्रथम सेटिंग तपासावे. रात्री निळा प्रकाश कमी करण्याची सोय चालू राहिली, तर सारा पडदा पिवळसर दिसतो. रंग गाळण्याची सोय चुकून चालू झाली, तर सर्व काही करडे होते. यंत्र सुरू होताना प्रारंभी जे बोधचिन्ह उमटते, तेव्हा या सोयी लागू झालेल्या नसतात. तेथेही रंग बिघडलेला दिसला, तर दोष बहुधा यंत्राच्या अंगातच आहे.

मग दुसरा पडदा जोडून पाहावा. दोन्हींवर सारखाच बिघाड दिसला, तर संशय चिपवर जातो. बाहेरचा पडदा निर्दोष असेल, तर झाकण हळूच पुढेमागे करावे. त्यासरशी रंग बदलले, तर केबल सैल किंवा झिजलेली समजावी. तसे काही न घडता सबंध पडदा एकसारखा मंद व पिवळसर दिसत असेल, तर मागचा दिवा थकला आहे. पांढऱ्या एलईडीत निळ्या दिव्यावर पिवळा प्रकाश देणाऱ्या द्रव्याचा लेप असतो; काळाने हा तोल ढळतो. याच निळ्या दिव्याच्या शोधाला २०१४ साली भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

या क्रमाने गेल्यास, केवळ केबलचा दोष असताना नवा पडदा घेण्याचा खर्च टळतो. चिपवर संशय आला, तर प्रथम आपली कागदपत्रे दुसरीकडे उतरवून ठेवावीत, कारण यंत्र केव्हा बंद पडेल याचा नेम नसतो. झाकण उघडण्यापूर्वी वीज तोडावी व बॅटरी अलग करावी. दिव्याचा पिवळेपणा रंग जुळविण्याच्या सेटिंगने काहीसा झाकता येतो. तुटक्या केबलला मात्र हा उपाय नाही.

आणि पिकाचा निर्णय? त्यासाठी हिरव्या छटांचा पर्णरंग तक्ता मिळतो. तो शेतात, आपल्या अंगाच्या सावलीत, प्रत्यक्ष पानाशेजारी धरावा. छायाचित्र कितीही सुबक असले, तरी खताची मात्रा ठरविताना पानाचा रंग पानावरच पाहावा, हे उत्तम.