बॉयलरची तपासणी आणि माणसाची



बॉयलर फुटण्याआधी तपासावा लागतो, हे कारखान्यात घाम गाळलेल्याला सांगावे लागत नाही. पोटाच्या सोनोग्राफीचे मूळही बॉयलरच्याच कारखान्यात सापडते. १९५५ साली ग्लासगोचे प्राध्यापक इयान डोनल्ड हे शस्त्रक्रियेत काढलेल्या गाठी घेऊन बॅबकॉक अँड विल्कॉक्स या बॉयलर बनविणाऱ्या कंपनीच्या रेनफ्रू येथील कारखान्यात गेले. धातूतील चिरा शोधणारे एक यंत्र तेथे होते. कानाला ऐकू न येणारा ध्वनी आत सोडायचा आणि प्रतिध्वनीवरून दोष ओळखायचा, ही त्याची रीत. गाठींवरही ती लागू पडली. १९५८ साली त्यांचा व सहकाऱ्यांचा निबंध ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाला.

आता हृदयाशी हिचा संबंध काय? हृदयातून निघालेली महारोहिणी, म्हणजे रक्ताचा मुख्य नळ, छातीतून पोटात उतरते. तेथे तिची रुंदी सुमारे २ सेंटिमीटर असते. वाढते वय, विडी-सिगारेट आणि रक्तदाब यांनी तिची भिंत दुबळी होऊन फुगू शकते. रुंदी ३ सेंटिमीटर झाली की डॉक्टर त्यास फुगवटा म्हणतात. पुरुषांत साडेपाचवर गेली की शस्त्रक्रियेचा विचार करतात. फुगवटा सहसा दुखत नाही. फुटला तर मात्र बहुतेक रोगी दगावतात. आइन्स्टाइन १९५५ साली याच विकाराने गेले.

ब्रिटनमध्ये ६५ ते ७४ वयाच्या सुमारे ६७,८०० पुरुषांचे दोन गट केले व एकाच गटास या तपासणीस बोलाविले. २००२ साली निष्कर्ष आला: चार वर्षांत त्या गटात या विकाराचे मृत्यू ४२ टक्क्यांनी कमी झाले. इंग्लंडमध्ये पुढे ६५ व्या वर्षी पुरुषांची ही तपासणी सरकारी खर्चाने होऊ लागली.

ज्याची महारोहिणी फुगली, त्याच्या हृदयाच्या रोहिण्याही पुष्कळदा बिघडलेल्या असतात. म्हणून फुगवटा लहान असला तरी विडी सोडणे व रक्तदाब आटोक्यात ठेवणे अगत्याचे. मात्र या तपासणीत हृदयाच्या रोहिण्या दिसत नाहीत. छातीत कळ आल्यास सोनोग्राफीचा कागद दाखवून समाधान मानू नये.

यंत्राची तपासणी मालकाला कायद्याने करावीच लागते. आयुष्यभर विडी ओढून निवृत्त झालेल्या कामगाराची तपासणी कोणी करायची? पासष्टी गाठलेल्याने हा प्रश्न आपल्या डॉक्टरांना विचारावा, आणि संघटनांनी तो सरकारला विचारावा.