डर्ट बाइक घरी सुधारताना: आधी काय, नंतर काय, आणि काय नकोच

आजचा विषय तरुणांच्या आवडीचा आहे, पण त्यावर प्रश्न विचारणाऱ्यांत आईवडीलही बरेच असतात. "मुलाने मातीत चालवायची गाडी घेतली, आता रोज नवा भाग मागवतोय. यातलं खरंच काय लागतं?" थोडक्यात उत्तर असं, की खर्च जमिनीपासून सुरू करा आणि वर जा. आधी टायर, मग हातापायांची बैठक, मग संरक्षण, मग शॉकअप, मग चेनचे दाते. इंजिन आणि सायलेन्सर सगळ्यात शेवटी, आणि बहुतेकांच्या बाबतीत कधीच नाही.

निव्वळ स्पर्धेसाठी बनवलेल्या डर्ट बाइकची रस्त्यासाठी नोंदणी होत नाही. आपल्याकडे दिसतात त्या रस्ता आणि माती दोन्हीकडे चालणाऱ्या गाड्या. हीरोने २०११ मध्ये १५० सीसीची इम्पल्स आणली होती, २०१९ मध्ये एक्सपल्स २०० आली. उदाहरणासाठी मी एक्सपल्स धरतो. पुढचं चाक २१ इंची, मागचं १८ इंची. पुढचा फोर्क १९० मिलिमीटर दबतो, मागचं चाक १७० मिलिमीटर वर येऊ शकतं. वजन दीडशे किलोच्या थोडं वर. तुमची गाडी दुसरी असली तरी हिशेब हाच.

आधी जमीन ओळखा

मी झाशीत राहतो. इथली जमीन म्हणजे बुंदेलखंडचा ग्रॅनाइट. झाशीचा किल्लाही अशाच खडकाळ टेकडीवर उभा आहे. मधूनमधून पांढऱ्या गारगोटीच्या लांबच लांब रांगा दिसतात, तिचे तुकडे धारदार असतात. माती दोन तऱ्हेची. 'राकड' म्हणजे लाल, खडेमिश्रित, पायाखालून सरकणारी. 'मार' म्हणजे काळी, आपल्या विदर्भ-मराठवाड्यासारखी, पाऊस पडला की चाकाला थापून बसणारी. कोकणातल्या माणसाला जांभा आणि निसरडा चिखल भेटतो, मावळातल्याला ओले दगड. त्यामुळे पुण्यातल्या मित्राने बसवलेला भाग झाशीत उपयोगी पडेलच असं नाही. मारवर चालणाऱ्याच्या गाडीत पुढचा मडगार्ड चाकाला अगदी चिकटून असेल, तर मधे चिखल ठासला जाऊन चाकच अडतं. तिथे मडगार्ड वर घेणं हा पहिला बदल ठरेल. राकडवाल्याला त्याची गरजच नाही.

टायर आणि हवा

सगळ्यात जास्त फरक पडतो तो इथे. मोठ्या गुटक्यांचा टायर मातीत पकड देतो, पण डांबरावर, विशेषतः ओल्या डांबरावर, ब्रेक लागायला जास्त अंतर घेतो. रोज चाळीस किलोमीटर हायवे आणि रविवारी पाच किलोमीटर माती असेल, तर मधल्या जातीचा टायर घ्या. माप कंपनीने दिलेलंच ठेवा.

मातीत हवा थोडी कमी केली की टायर पसरतो आणि पकड वाढते. कंपनीने सांगितलेल्या दाबापेक्षा चार ते सहा पीएसआय कमी, इतकं पुरे. आरेवाल्या चाकात बहुधा ट्यूब असते. हवा फारच कमी केली तर दगडावर आपटल्यावर ट्यूब रिम आणि दगड यांच्यामध्ये चिमटली जाते आणि शेजारी शेजारी दोन भोकं पडतात. गारगोटीच्या वाटेवर हे हमखास होतं. डांबरावर परतण्याआधी हवा पुन्हा भरायची, म्हणून पायपंप आणि दाब मोजायचं घड्याळ सोबत हवं. दाब टायर थंड असताना मोजा. मे महिन्यात इथे पारा पंचेचाळीसच्या आसपास जातो, तेव्हा चालून आलेल्या टायरचा आकडा फसवतो.

हातापायांची बैठक

मातीत गाडी बरीचशी उभं राहून चालवायची असते. गाडी स्टँडवर घ्या, कोणाला तरी धरायला सांगा आणि फूटरेस्टवर उभे राहा. पाठ फार वाकत असेल तर हँडल उंचावणारे तुकडे लागतील. ते बसवल्यावर हँडल दोन्ही टोकांना पूर्ण फिरवून क्लच, थ्रॉटल आणि ब्रेकच्या तारा-नळ्या ताणत नाहीत ना, हे पाहायचंच. तार ताणली आणि वळताना इंजिनाचा वेग आपोआप वाढला, तर माणूस पडणारच.

ब्रेक-क्लचच्या दांड्या थोड्या खाली झुकवा, म्हणजे उभं असताना मनगट सरळ राहतं. त्यांचे क्लॅम्प इतकेच आवळा की जोर लावला तर फिरतील. गाडी पडली तर दांडी फिरते, तुटत नाही. या कामाला एक पाना पुरतो, पैसे शून्य.

संरक्षण

ॲल्युमिनियमचा कणा असलेले हँडगार्ड आणि इंजिनाखालची जाड पत्रा-प्लेट, या दोन गोष्टी ग्रॅनाइटवर चालणाऱ्याने घ्याव्यातच. प्लेट बसवताना ऑइल बदलायच्या बोल्टपर्यंत हात पोचतो का आणि मधे माती साचायला जागा राहते का, ते बघा. चालवणाऱ्याचं संरक्षण मात्र या यादीच्याही आधी: हेल्मेट, घोट्यावर जाणारे बूट, गुडघ्याचे पॅड. बूट नसताना सायलेन्सरवर खर्च करणाऱ्या मुलाला पैसे देऊ नका, असं मी आईवडिलांना स्पष्ट सांगतो.

शॉकअप

इथे मोजमाप करा. मागचं चाक जमिनीपासून उचलून धुरा ते मडगार्डवरची एक खूण हे अंतर टेपने मोजा. मग चाक टेकवून, नेहमीच्या कपड्यांत गाडीवर बसून पुन्हा मोजा. दोन आकड्यांतला फरक साधारण एकूण प्रवासाच्या एक-तृतीयांश असावा. १७० मिलिमीटर प्रवास असेल तर ५५ ते ६०. फरक जास्त असेल तर स्प्रिंगचा ताण एकेक पायरी वाढवा. मात्र ताण वाढवल्याने गाडी वर उचलली जाते, स्प्रिंग स्वतः कडक होत नाही. शेवटच्या पायरीवरही गाडी बसतेच आहे, याचा अर्थ तुमच्या वजनाला जाड स्प्रिंग हवी.

उंच सस्पेन्शनचा मोह आवरा. २०२३ च्या एक्सपल्स २०० फोर व्ही प्रो मध्ये पुढे २५० आणि मागे २२० मिलिमीटर प्रवास आहे, पण त्याबरोबर सीट साध्या गाडीच्या ८२५ वरून ८९१ मिलिमीटरवर गेली. ज्याचे पाय टेकत नाहीत, तो दगडावर थांबला की आडवा होतो. शिवाय उंची वाढली की साइड स्टँड आणि चेनचा ढिलेपणा, दोन्ही नव्याने जुळवावे लागतात.

चेनचे दाते

चढावर गाडी दम टाकते म्हणून लोक इंजिनाकडे धावतात. बहुतेक वेळा पुढच्या स्प्रॉकेटचा एक दाता कमी केला की काम भागतं. समजा पुढे १३ आणि मागे ४० दाते आहेत. १३ चे १२ केले की ओढ सुमारे आठ टक्क्यांनी वाढते. किंमत अशी, की ज्या फेऱ्यांवर पूर्वी ६५ चा वेग मिळे, तिथे आता ६० मिळतो. कानपूर हायवेवर रोज जाणाऱ्याला हा सौदा महागात पडतो.

इंजिन आणि सायलेन्सर

बीएस सहाच्या गाडीत धूर शुद्ध करणारा भाग सायलेन्सरच्या नळीतच असतो आणि तिथला सेन्सर पेट्रोलचा हिशेब ठेवतो. तो काढून मोकळी नळी लावली की आवाज वाढतो, ओढ फारशी वाढत नाही, आणि प्रदूषणाचा नियम मोडतो. त्याऐवजी हवेचा फिल्टर स्वच्छ ठेवा. धुळीच्या दिवसांत तो प्रत्येक फेरीनंतर उघडून बघा आणि त्याच्या डब्याची कड नीट बसली आहे ना, हे तपासा. फटीतून गेलेली राकडची धूळ सिलिंडर झिजवते.

कायदा

मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार, नोंदणीपत्रातले तपशील कंपनीच्या मूळ तपशिलांपेक्षा वेगळे होतील असा बदल मालकाला करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हेच ठामपणे सांगितलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२ अ प्रमाणे बेकायदा बदलाला प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतं. शंका असेल तर आधी आरटीओत विचारा आणि विमा कंपनीला लेखी कळवा. अपघातानंतर कळवण्याला अर्थ नाही.

काम करायची शिस्त

फौजेत गाड्यांची मेंटेनन्स परेड असते. त्यातल्या तीन सवयी घरच्या अंगणातही चालतात. पहिली, एका वेळी एकच बदल. टायर, दाते आणि स्प्रिंग एकदम बदललेत तर गाडी का सुधारली किंवा बिघडली, ते कळत नाही. दुसरी, वही. तारीख, किलोमीटर, काय बदललं, हवा किती होती. तिसरी, पुन्हा तपासणी. नवा भाग बसवल्यावर पन्नास किलोमीटरनंतर प्रत्येक बोल्ट टॉर्क पान्याने बघा. चाकाचे आरे पान्याने हलके वाजवा, ज्याचा आवाज बद्द येतो तो ढिला. आणि गाडी विटांच्या थरावर चढवून खाली हात घालू नका, पक्का स्टँड घ्या.

चाचणीच्या जागेबद्दलही सांगतो. झाशीच्या मुलांना बबीनाकडचं मोकळं रान खुणावतं. तिथे सैन्याची फील्ड फायरिंग रेंज आहे. अशा जमिनीत न फुटलेला दारूगोळा राहिलेला असू शकतो. हद्दीचा फलक दिसला की तिथूनच मागे फिरा. ओरछ्याच्या अभयारण्यातही गाडी घालू नका. ओळखीच्या शेतकऱ्याला विचारून पीक निघालेलं पडीक रान घ्या. दोनशे मीटरची सरळ वाट, एक चढ आणि एक वळण, एवढ्यावर सगळं कळतं.

पुढच्या भागात वाटेत पंक्चर झालेली ट्यूब दोन टायर-लिव्हर आणि पायपंप घेऊन कशी बदलायची, ते दाखवतो. तोवर वही सुरू करा. जय हिंद.