लाल दिवाणखान्यातील प्रतीक्षा

घरातील लहानथोरांच्या हाती पडणाऱ्या मासिकात वेश्यागृहाच्या चित्राविषयी लिहावे काय, असा प्रश्न काही वाचकांच्या मनात येणे स्वाभाविक आहे. परंतु ज्या चित्रात विलासाचा लवलेशही नाही, त्याविषयी संकोच बाळगण्याचे कारण आम्हांस दिसत नाही.

हे चित्र आंरी द तुलूझ-लॉत्रेक या उत्तर-दृक्प्रत्ययवादी फ्रेंच चित्रकाराचे. दक्षिण फ्रान्समधील आल्बी या गावी १८६४ साली एका सरदार घराण्यात त्याचा जन्म झाला. त्याचे आईवडील सख्खी आतेमामे-मावस नात्यातील भावंडे. तेराव्या-चौदाव्या वर्षी, थोड्याच अंतराने, त्याच्या दोन्ही मांड्यांची हाडे मोडली आणि पायांची वाढ कायमची खुंटली. घोडेस्वारी आणि शिकार हा जणू त्या घराचा कुळाचार. तो त्याच्या नशिबी उरला नाही. हाती राहिला तो कुंचला. लोकांच्या कुतूहलाच्या नजरा झेलणे म्हणजे काय, हे त्याला कोणी शिकवावे लागले नाही.

त्या काळी फ्रान्समध्ये वेश्यागृहांना सरकारी मान्यता होती. तेथील स्त्रियांची नोंद होई आणि वैद्यकीय तपासणी सक्तीची असे. पॅरिसच्या र्यू दे मूलँ या रस्त्यावरील अशाच एका घरी लॉत्रेक अधूनमधून मुक्कामास राही. १८९४ साली त्याने तेथील दिवाणखाना रंगविला. लालभडक गाद्यांच्या प्रशस्त बैठकी, मागे खांब, आणि त्यांवर बसलेल्या काही स्त्रिया. पुढची एक पाय दुमडून निवांत बसली आहे. तिच्या मागे, गळ्यापर्यंत बंद पोशाखात, ताठ बसलेली घराची मालकीण. उजव्या कडेला पाठमोरी उभी असलेली एक स्त्री चौकटीने अर्धी कापून टाकली आहे. इतक्या जणी एकत्र असून कोणाचीही नजर दुसरीला भेटत नाही. चेहऱ्यांवर आमंत्रण नाही, अश्रूही नाहीत. आहे तो कंटाळा; पाळी येईपर्यंत बसून राहणाऱ्या कष्टकऱ्याचा कंटाळा.

या दिवाणखान्यात पुरुष एकही नाही. ज्याच्यासाठी हा सारा थाट, तो गिऱ्हाईक चित्राबाहेर आहे. आणि चित्र पाहताना आपण नेमके त्याच्याच जागी उभे असतो. चित्रकार त्या स्त्रियांना दोष देत नाही, त्यांची कीवही करीत नाही. पाहणाऱ्याला मात्र त्याची जागा दाखवून देतो. आमच्या मते या चित्राचे मोठेपण येथे आहे.

१८९६ साली त्याने याच स्त्रियांच्या दिनचर्येवर शिळाछापांची एक मालिका काढली. अंथरुणातून उठणे, अंग धुणे, केस विंचरणे हे तिचे विषय. चाळवणारे काही नसल्यामुळे असेल, ती फारशी खपली नाही. १९०१ साली, वयाच्या अवघ्या छत्तिसाव्या वर्षी, अतिमद्यपानाने जर्जर होऊन लॉत्रेक वारला. फ्रान्समधील ही परवानाधारक घरे १९४६ च्या कायद्याने बंद झाली.

चित्र मात्र टिकले. लॉत्रेकची आई मोठी धर्मनिष्ठ बाई. मुलाच्या पश्चात त्याची चित्रे तिने आल्बी नगरास दिली, आणि तेथील जुन्या बिशपांच्या वाड्यात १९२२ साली त्यांचे संग्रहालय उघडले. दिवाणखान्याचे हे चित्र आजही तेथेच आहे. मुलाच्या कलाकृतींतून हे एक वगळावे, असे त्या माउलीस वाटले नाही. आमच्या संकोचास याहून चांगले उत्तर आम्हांस सुचत नाही.